सौंदड ते वेंगुर्ला: विमानाचा वेळ वेगळा, तुमचा वेळ वेगळा

व्हिडिओत फळ्यावर मांडलेलं गणित इथे नीट लिहून देतोय. वही घेऊन बसा.

समजा, सौंदडला तुमचं किराणा-सुकामेव्याचं होलसेल दुकान आहे. दिवाळीआधी वेंगुर्ल्याच्या कारखान्यातून थेट काजू उचलायचाय, मध्ये दलाल नको. मोबाईलवर बिरसी (गोंदिया) ते चिपी (सिंधुदुर्ग) हे विमानाचं अंतर बघितलं, तर उत्तर येतं साधारण ९४० किलोमीटर, १ तास ४० मिनिटं. लगेच आपण समोरच्या पार्टीला सांगतो, "सकाळी निघतो, दुपारी तुमच्याकडे!"

थांबा. आधी हा आकडा कसा निघतो ते बघू.

दोन्ही विमानतळांच्या अक्षांशात साडेपाच अंशांचा फरक. एक अंश म्हणजे १११ किमी, म्हणून ६१०. रेखांशात ६.८ अंशांचा फरक. आपल्या भागात तो अंश १०५ किमीच्या आसपास, म्हणून ७१४. दोन्हींचा वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ९४०. त्याला ताशी ८०० चा वेग लावला, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवला, झाले १ तास ४० मिनिटं. लहान एटीआर विमान ताशी ५०० च्या आसपास उडतं, म्हणजे त्याला दोन तासांच्या वरच.

पण या हिशोबात थेट विमान गृहीत धरलंय. बिरसीहून २०२२ च्या मार्चमध्ये इंदूर-हैदराबाद सेवा सुरू झाली, काही महिन्यांत थांबली. १ डिसेंबर २०२३ ला हैदराबादसाठी पुन्हा विमान उडालं. लहान विमानतळावर फेऱ्या कमी असतात. एक चुकली की दुसरी लगेच मिळत नाही. म्हणून अंतराआधी वेळापत्रक बघा.

आता व्यवहारी रस्ता: नागपूरहून गोव्याच्या मोपा विमानतळावर थेट विमान असेल तो दिवस धरा.

- सौंदड ते नागपूर विमानतळ, साकोली-भंडारामार्गे: ३ तास
- विमानतळावर आधी पोहोचणं: दीड तास (काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं)
- विमान: पावणेदोन तास
- बॅग हातात येईपर्यंत: अर्धा तास
- मोपा ते वेंगुर्ला: सव्वा तास

एकूण आठ तास. त्यात विमान फक्त पावणेदोन तास. म्हणजे जायला एक दिवस, खरेदीला एक, परतीला एक. पार्टीला दुसऱ्या दिवशीची सकाळ द्या, शब्द खाली पडणार नाही.

आता पैसे. समजा, तिकीट, गाडी, लॉज मिळून १५,००० रुपये. दुकानाचा रोजचा नफा ३,०००, तीन दिवस बंद म्हणजे ९,०००. खर्च झाला २४,०००. दलाल टाळून किलोमागे ४० रुपये वाचत असतील, तर २४,००० भागिले ४०, म्हणजे ६०० किलो. त्याच्या खाली माल घेणार असाल तर घरी बसा, सॅम्पल कुरिअरने मागवा, व्हिडिओ कॉलवर भाव ठरवा. त्याच्या वर असेल तर बिनधास्त जा.

याच पाच ओळी तुमच्या पुढच्या दौऱ्यासाठी भरा. दारापासून दारापर्यंतचे तास आणि किती मालावर खर्च निघतो, हे दोन आकडे हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.