निश्चित-रुंदीच्या मजकूर-फाईलींतून रकाने वेगळे करण्याची पद्धती : गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांच्या नमुना सर्वेक्षण आकडेवारीच्या संदर्भात

प्रास्ताविक

गडचिरोलीतील ग्रामीण कुटुंबांच्या उपभोग खर्चाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकास प्रकाशित अहवाल फारसे साहाय्य करीत नाहीत. त्यांतील तक्ते बहुधा राज्यपातळीवरच थांबतात. त्याखाली उतरावयाचे तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय मूळ आकडेवारीच हाती घ्यावी लागते. ६८ व्या फेरीची (जुलै २०११ ते जून २०१२) अशी आकडेवारी साध्या मजकूर-फाईलींत उपलब्ध आहे. मात्र फाईल उघडताच समोर येते ती अंकांची सलग भिंत. तीत स्वल्पविराम नाही, रकान्यांना मथळा नाही. ही भिंत पाहून काम दुसऱ्यावर सोपविले, की चूक तपासण्याचे साधनही अभ्यासकाच्या हातून जाते. वस्तुतः लिनक्स प्रणालीत विनामूल्य मिळणाऱ्या दोन-तीन आज्ञा या कामास पुरेशा आहेत.

फाईलीची रचना

निश्चित रुंदी हा छिद्रित कार्डांचा वारसा होय. १९२८ मध्ये आयबीएमने ८० स्तंभांचे कार्ड आणले. त्यावर कोणती माहिती कोठे आहे हे केवळ स्थानावरून ठरत असे. नमुना सर्वेक्षणाच्या फाईलींतही तेच तत्त्व आहे, आणि सोबतचा रचना-तक्ता ही त्यांची किल्ली आहे. ६८ व्या फेरीच्या उपभोग खर्चाच्या फाईलीत ४ ते ८ या स्थानांवर निवडलेल्या गावाचा वा नागरी गटाचा क्रमांक, १५ व्या स्थानावर क्षेत्र (ग्रामीण १, नागरी २), १६ ते १८ वर राज्य व विभाग, तर १९-२० वर जिल्हा आहे. महाराष्ट्राचा संकेतांक २७. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर मिळून होणाऱ्या पूर्व विभागाचा संकेतांक ६. गडचिरोली १२ आणि चंद्रपूर १३.

येथेच पहिला सापळा आहे. राज्य आणि जिल्हा यांच्यामध्ये विभागाचा एक अंक बसलेला असल्याने '२७१२' असा शोध गडचिरोलीपर्यंत पोहोचत नाही. शोधावयाचे ते '२७६१२'. तेही कोठेही आढळले म्हणून चालत नाही, कारण हेच पाच अंक खर्चाच्या रकान्यातही लागोपाठ येऊ शकतात. ते १६ व्या स्थानापासूनच सुरू झाले पाहिजेत.

आज्ञांचा उपयोग

(आज्ञा व अंक संगणकावर रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकावयाचे आहेत, येथे केवळ उच्चार दिले आहेत.) 'कट -सी १५-२०' ही आज्ञा प्रत्येक ओळीतील तेवढीच सहा अक्षरे कापून देते. तिचे फलित 'सॉर्ट' व त्यानंतर 'युनिक -सी' या आज्ञांकडे वळविल्यास प्रत्येक संकेतांक किती वेळा आला ते दिसते. ही तपासणी कधीही टाळू नये. २७६ नंतर १० ते १३ यांखेरीज दुसरा अंक दिसला, तर स्थान एका घराने सरकले आहे असे निश्चित समजावे.

संपूर्ण ओळी निवडण्यासाठी 'ऑक' अधिक सोयीचे. १९७७ मध्ये बेल प्रयोगशाळेत एहो, वाइनबर्गर व कर्निगन यांनी ते रचले. 'सबस्टर($०,१५,६) == "१२७६१२"' एवढ्या अटीने ग्रामीण गडचिरोलीच्या ओळी वेगळ्या होतात. उजवीकडील अवतरणचिन्हे अनावश्यक वाटतात, पण ती सवयीने द्यावीत. नंदुरबारचा ०१ हा संकेतांक अवतरणाविना लिहिल्यास तो केवळ १ होतो आणि एकही ओळ मिळत नाही. जीएनयू ऑकमध्ये 'फील्डविड्थ्स' या चलास '३ ५ २ ३ १ १ ३ २' असे मूल्य दिले, तर पहिली वीस स्थाने आठ रकान्यांत आपोआप विभागली जातात.

हेच काम स्प्रेडशीटमध्ये का करू नये, असा प्रश्न विचारला जातो. एकतर तेथे संकेतांकांचे आरंभीचे शून्य सहज गळून पडते. दुसरे म्हणजे एक्सेलची मर्यादा १०,४८,५७६ ओळींची (२००३ च्या आवृत्तीपर्यंत ६५,५३६), आणि या फेरीत लाखाहून अधिक कुटुंबांच्या प्रत्येक जिनसेची स्वतंत्र ओळ आहे.

गुणकाच्या रकान्यातही दशांशचिन्ह लिहिलेले नसते. दोन्ही उपनमुन्यांच्या एकत्रित अंदाजासाठी 'एनएसएस' व 'एनएससी' या रकान्यांतील संख्या समान असल्यास गुणकास १०० ने, अन्यथा २०० ने भागावे लागते. हे विसरल्यास जिल्ह्याची लोकसंख्या शंभरपटीने फुगते. सुदैवाने ही चूक लपून राहत नाही.

देवनागरी मजकूर

गावांची नावे मराठीत असलेल्या फाईलींत निराळी अडचण उद्भवते. 'चंद्रपूर' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याची चिन्हे आठ व यूटीएफ-८ मध्ये बाइट चोवीस होतात. 'कट'च्या अनेक आवृत्त्या '-सी' दिले तरी बाइटच मोजतात, त्यामुळे अक्षर मध्येच तुटते. अशा वेळी नाव बाजूस ठेवून जनगणनेच्या ग्राम-संकेतांकावरच विसंबणे श्रेयस्कर.

नमुन्याचा आकार

ओळी अचूक निघाल्या तरी त्यांवरून जिल्ह्याचा अंदाज मांडता येईलच असे नाही. निवडलेल्या ओळींवर 'कट -सी ४-८', 'सॉर्ट', 'युनिक' व शेवटी 'डब्ल्यूसी -एल' चालविल्यास त्या किती गावांतून आल्या हे कळते. गडचिरोलीच्या बाबतीत हा आकडा कोणतीही टक्केवारी लिहिण्यापूर्वी पाहावा. तो अपुरा वाटल्यास '१२७६१२' ऐवजी 'सबस्टर($०,१५,४) == "१२७६"' ही अट देऊन चारही जिल्ह्यांचा पूर्व विभाग एकत्र घ्यावा, आणि तक्त्याच्या मथळ्यात गडचिरोलीऐवजी पूर्व विभाग असेच लिहावे.