व्हिडिओ कोणत्या फॉरमॅटमध्ये पाठवायचा? आधी गिऱ्हाईकाचा फोन आठवा



व्हिडिओ शूट केला, एडिट केला, गिऱ्हाईकाला पाठवला. थोड्या वेळाने समोरून मेसेज येतो: "आवाज येतोय, पण चित्र काळं दिसतंय." किंवा "ओपनच होत नाहीये." किंवा काहीच येत नाही. तिसरा प्रकार सगळ्यात महाग. कारण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा विचारत नाही, पुढच्या दुकानदाराचा व्हिडिओ उघडतं.

या आठवड्यात चॅनेलवर आपण फॉरमॅट आणि कॉम्प्रेशन पाहिलं. सेटिंग आणि आकडे जवळ ठेवता यावेत म्हणून तेच इथे सविस्तर लिहितोय. नियम एकच लक्षात ठेवा: फॉरमॅट आपल्या फोनकडे बघून निवडायचा नाही, समोरच्याच्या फोनकडे बघून निवडायचा.

कॉम्प्रेशन लागतंच कशाला?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक पटापट दाखवलेले फोटो. १०८०पी, म्हणजे फुल एचडी व्हिडिओत एका सेकंदाला साधारण ३० फोटो असतात. हे फोटो काहीही न दाबता जसेच्या तसे साठवले, तर एका मिनिटाची फाईल सुमारे ११ जीबी होते. अशी फाईल कोणी पाठवूही शकणार नाही आणि कोणी उघडणारही नाही.

म्हणून फोन रेकॉर्ड करतानाच फाईल दाबतो. त्याची युक्ती साधी आहे. पहिला फोटो पूर्ण ठेवायचा, पुढच्या फोटोत जेवढं बदललं तेवढंच नोंदवायचं. समजा कामोठ्यातल्या एक ताई मसाला कांडतानाचा व्हिडिओ करतायत. फोन स्टँडवर आहे, मागची भिंत तशीच आहे, फक्त हात आणि मसाला हलतोय. मग नोंदवायचं थोडंच उरतं. फाईल लहान होते आणि मिरचीचा रंगही नीट दिसतो.

आता तोच फोन हातात धरला आणि हात थरथरला, तर भिंतीसकट सगळंच प्रत्येक फोटोत बदलतं. नोंदी वाढतात. तेवढ्या नोंदींना फाईलमध्ये जागा नसली की चित्र चौकोन-चौकोन झाल्यासारखं फुटतं. अंधारात शूट केलं तरी हेच होतं, कारण कमी उजेडात चित्रावर बारीक दाणे येतात आणि कॉम्प्रेशनला ते दाणेसुद्धा 'हालचाल' वाटतात.

म्हणजे स्टँड, खिडकीचा उजेड आणि साधी पाठभिंत या तीन गोष्टी सांभाळल्या की अर्धं काम सॉफ्टवेअर उघडायच्या आधीच होतं.

डबा वेगळा, आतली भाजी वेगळी

इथे बरेच जण गोंधळतात. "सर, माझी फाईल एमपी४च आहे, तरी चालत नाही!"

एमपी४ हा डबा आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, ते डब्यावरून कळत नाही. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. फाईलच्या नावातलं एमओव्ही पुसून एमपी४ लिहिलं, तर फक्त डब्यावरचं लेबल बदलतं, भाजी तीच राहते.

तुमच्या कामाचे कोडेक तीनच:

- एच.२६४: २००३ मध्ये आलं. जुना फोन, नवा फोन, ऑफिसमधला कॉम्प्युटर, टीव्ही, जवळजवळ सगळीकडे चालतं.
- एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी: २०१३ मध्ये आलं. तेवढ्याच दर्जासाठी फाईल साधारण निम्मी होते. पण त्याची पेटंट अनेक कंपन्यांकडे विभागलेली आहेत, त्यामुळे सगळ्या उपकरणांनी आणि ब्राउझरनी ते सरसकट घेतलं नाही. विंडोजच्या बऱ्याच कॉम्प्युटरवर ते चालवायला वेगळं एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं.
- एव्ही१: या पेटंटच्या भानगडीतून सुटण्यासाठी गूगल, अ‍ॅमेझॉन, नेटफ्लिक्स, मोझिला वगैरे कंपन्या २०१५ मध्ये एकत्र आल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी हे आणलं. लायसन्सची फी नाही, फाईल आणखी लहान. पण जुने फोन त्यावर अडखळतात आणि ते बनवायला वेळही जास्त लागतो.

"नवं ते चांगलं" हा विचार इथे चालत नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपने मशीनचा डेमो एच.२६५ मध्ये पाठवला आणि कोल्हापूरच्या पार्टीच्या ऑफिसात जुना विंडोज कॉम्प्युटर असला, तर तिथे फक्त मशीनचा आवाज ऐकू येईल. लाखाच्या ऑर्डरची चर्चा काळ्या पडद्यावर थांबेल.

तुमचा फोन गुपचूप एच.२६५ करतोय का?

आयफोनमध्ये २०१७ पासून, आयओएस ११ पासून, ही सोय आहे. सेटिंग्ज, मग कॅमेरा, मग फॉरमॅट्स उघडा. 'हाय एफिशियन्सी' निवडलेलं असेल तर नवं कोडेक चालू आहे. 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की एच.२६४ मिळतं. किंमत मोजावी लागते ती जागेची: १०८०पी, ३० फ्रेमला हाय एफिशियन्सीत मिनिटाला सुमारे ६० एमबी, मोस्ट कम्पॅटिबलमध्ये सुमारे १३० एमबी.

अँड्रॉइडमध्ये कंपनीप्रमाणे नाव बदलतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी व्हिडिओ' किंवा 'एचईव्हीसी' शोधा आणि बंद करा. फोनमध्ये जागा कमी असेल तर शूट एच.२६५ मध्ये करा, काही हरकत नाही. पण पाठवायची प्रत मात्र एच.२६४ मध्येच बनवा.

गिऱ्हाईकाच्या खिशातला डेटा

घणसोलीला रिलायन्स कॉर्पोरेट पार्क तुम्ही ट्रेनमधून रोज पाहत असाल. तिथल्या जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली आणि देशात मोबाईल डेटा स्वस्त झाला. आज घरगुती व्यवसायसुद्धा व्हिडिओवर चालतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. पण स्वस्त म्हणजे फुकट नाही. रोजचा दीड जीबी पॅक असलेल्या गिऱ्हाईकाला तुम्ही १३० एमबीचा एक मिनिट पाठवला, तर त्याचा दिवसाचा बारावा हिस्सा तुम्हीच खाल्लात. आणि रेंज कमी असली तर डाउनलोडचा गोल फिरतच राहतो.

मोठ्या कंपन्यांनाही नेटवर्कपुढे नमतं घ्यावं लागलंय. २४ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या तोंडावर, नेटफ्लिक्स, अ‍ॅमेझॉन, हॉटस्टार, गूगल, झी, सोनी वगैरेंनी मिळून ठरवलं की मोबाईल नेटवर्कवर ४८०पी पेक्षा जास्त दर्जाचा व्हिडिओ द्यायचा नाही. १४ एप्रिलपर्यंतचा निर्णय होता. एवढ्या मोठ्या कंपन्या दर्जा कमी करून व्हिडिओ पोचवायला तयार झाल्या, तर आपण लोणच्याच्या बरणीसाठी फोर-के चा हट्ट कशाला धरायचा?

साईजचा हिशोब

हा हिशोब एकदा समजला की कायम उपयोगी पडतो. व्हिडिओला एका सेकंदाला किती डेटा द्यायचा, त्याला बिटरेट म्हणतात. तो मेगाबिटमध्ये मोजतात.

बिटरेट गुणिले सेकंद, भागिले ८ = फाईल किती एमबी.

उदाहरण: ७२०पी, बिटरेट २.५, व्हिडिओ ४० सेकंद. २.५ × ४० = १००. भागिले ८ = १२.५ एमबी. आवाजाचा अर्धा-पाऊण एमबी धरला तरी १३ च्या आसपास.

कुठे टाकायचं, त्याप्रमाणे काय निवडायचं

*यूट्यूब:* एमपी४, एच.२६४, आवाज एएसी. १०८०पी ला ३० फ्रेमवर बिटरेट ८, ७२०पी ला ५. हे यूट्यूबनेच सुचवलेले आकडे आहेत. इथे फाईल फार दाबू नका. यूट्यूब आलेल्या फाईलवरून स्वतःच लहान-मोठ्या प्रती बनवतं आणि बघणाऱ्याच्या फोनप्रमाणे देतं. तुम्ही आधीच खूप दाबलेली फाईल दिली, तर ती झेरॉक्सच्या झेरॉक्ससारखी फिकी होते.

*व्हॉट्सॲप, नेहमीचं:* व्हॉट्सॲप व्हिडिओ पुन्हा दाबतं. म्हणून ७२०पी, एक मिनिटाच्या आत, आणि अक्षरं मोठी. दराचं बारीक अक्षर सगळ्यात आधी फुटतं. एडिटरला किंवा प्रिंटरला मूळ फाईल द्यायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, दर्जा तसाच राहतो आणि मर्यादा २ जीबीपर्यंत आहे.

*व्हॉट्सॲप बिझनेस एपीआय:* एजन्सीमार्फत शेकडो गिऱ्हाईकांना मेसेज पाठवत असाल, तर व्हिडिओ १६ एमबीच्या आत हवा आणि कोडेक एच.२६४, आवाज एएसी. दुसरं चालत नाही. वरचं ४० सेकंदांचं उदाहरण यासाठीच दिलं.

*गूगल बिझनेस प्रोफाइल:* ३० सेकंदांपर्यंत, ७५ एमबीपर्यंत, किमान ७२०पी. वाशी-नेरूळमध्ये "जवळचा टेलर" शोधणाऱ्याला तुमचं दुकान इथे दिसतं. ही जागा रिकामी ठेवू नका.

फुकटात प्रत कशी बनवायची?

कॉम्प्युटर असेल तर हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या.

१. फाईल उघडा. प्रीसेटमध्ये 'फास्ट ७२०पी३०' निवडा, यूट्यूबसाठी 'फास्ट १०८०पी३०'.
२. फॉरमॅट एमपी४ ठेवा. 'वेब ऑप्टिमाइज्ड' वर टिक करा. यामुळे वेबसाइटवर पूर्ण फाईल यायच्या आधीच व्हिडिओ सुरू होतो.
३. व्हिडिओ टॅबमध्ये एच.२६४ आहे का बघा. आरएफ आकडा २२ च्या आसपास ठेवा. आकडा वाढवला की फाईल लहान आणि दर्जा कमी, आकडा कमी केला की उलट. साईज नेमकी हवी असेल तर तिथेच 'ॲव्हरेज बिटरेट' निवडून वरच्या हिशोबाचा आकडा घाला. तिथे आकडा किलोबिटमध्ये असतो, म्हणून २.५ ऐवजी २५०० लिहायचं.
४. आवाज एएसी. मग स्टार्ट.

फोनवरच एडिट करत असाल तर एक्स्पोर्ट करताना रिझोल्यूशन ७२०पी, फ्रेम ३०, आणि कोडेक विचारला तर एच.२६४.

मूळ फाईल कधीही डिलीट करू नका. एकदा दाबून गेलेली बारकाई परत येत नाही. उद्या पॅकिंगवर नवा दर टाकायचा असेल तर मूळ फाईलवरूनच नवी प्रत काढा.

आजचं काम

घरातला किंवा दुकानातला सगळ्यात जुना, चालू असलेला फोन शोधा. तुमचा शेवटचा प्रॉडक्ट व्हिडिओ त्यावर पाठवा. वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावर उघडा. तीन गोष्टी तपासा: उघडायला किती वेळ लागला, चित्र आणि आवाज दोन्ही आले का, आणि किंमत व फोन नंबर चष्म्याशिवाय वाचता आला का.

तिन्ही जमलं तर तोच तुमचा फॉरमॅट. सेटिंग वहीत लिहून ठेवा आणि पुढचा प्रत्येक व्हिडिओ त्याच मापाने काढा. नाही जमलं, तर ७२०पी आणि एच.२६४ ची नवी प्रत आजच बनवा आणि ज्या गिऱ्हाईकांकडून उत्तर आलं नव्हतं, त्यांना पुन्हा पाठवा. त्यातल्या काहींनी तुमचा माल नाकारलेला नसेल, त्यांना तो दिसलाच नसेल.