नैराश्याच्या गोळ्या: भारी कोणती, हलकी कोणती?

‘याला येरवड्याला पाठवा’ ही तिथल्या मनोरुग्णालयावरून केली जाणारी पुण्यातली जुनी थट्टा. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी हातात पडली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘गोळ्या भारी नाहीत ना?’

गैरसमज: नवी, महागडी गोळी जास्त गुणकारी.

वस्तुस्थिती: २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये २१ औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर रुग्ण. एकूणएक औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरलं, फरक मात्र माफक. आणि गुणात सर्वांत वर कोण, तर १९६०च्या दशकापासून वापरात असलेली स्वस्त अमिट्रिप्टिलिन! मग डॉक्टर तिच्यापासून सुरुवात का करत नाहीत? तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, गुंगी, उठताना चक्कर. शिवाय जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाला धोका. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन त्यामानाने सोसतात. म्हणजे निवड बरीचशी दुष्परिणाम पाहूनच होते. झोप आणि भूक दोन्ही उडालेल्याला मिर्टाझापिन बरी. वजन आधीच वाढलेल्याला तीच नकोशी. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी लैंगिक इच्छा मंदावते, हे मात्र पेशंट संकोचाने सांगत नाही आणि घाईच्या ओपीडीत कुणी विचारत नाही. सांगा, गोळी बदलता येते.

गैरसमज: या गोळ्यांची सवय लागते.

वस्तुस्थिती: पाकिटाची मागची बाजू वाचा. पुष्कळदा तिथे दोन नावं असतात: एस्सिटॅलोप्राम १० मि.ग्रॅ., क्लोनाझेपाम ०.५ मि.ग्रॅ. सवय लागते ती दुसऱ्याची, बदनाम होतं पहिलं. ही जोडगोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. मनाने मात्र काहीच बंद करू नका. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात झटके आल्यासारखं होतं. डोस हळूहळूच उतरवायचा.

गैरसमज: आठवडा झाला, फरक नाही, गोळी लागू पडत नाही.

वस्तुस्थिती: मळमळ पहिल्या आठवड्यात येते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. नेमक्या याच काळात गोळ्या कचऱ्यात जातात.

पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा औषध सुरू करत असेल, तर रूममेटला ते ठाऊक असू द्या. काही वेगळं वाटलं तर लगेच डॉक्टरांना फोन करा. नाहीतर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.