गाव शहर झालं, ग्रामसभा गेली

गाव शहर होतं तेव्हा बोलणं होतं ते निधीचं, घरपट्टीचं आणि बांधकाम परवान्यांचं. देवगड आणि जामसंडे मिळून नगरपंचायत झाली, 17 प्रभाग पडले आणि त्यासोबत जामसंड्याच्या माणसाच्या हातून ग्रामसभा गेली. ग्रामपंचायतीला वर्षातून ठरावीक सभा घ्याव्याच लागतात, त्याआधी महिलांची वेगळी सभा भरते, आणि यादीत नाव असलेला कुणीही मतदार उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो. नगरपंचायतीच्या सभेत बोलतात ते नगरसेवक. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण 3 लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत. इथे अख्ख्या सिंधुदुर्गाची लोकसंख्याच 2011 च्या जनगणनेत 8,49,651 होती, मग एवढ्या वस्तीचं शहर कुठून असणार? हा तोटा सगळ्या गावाचा आहे, पण सर्वांत जास्त तो लहान समाजांचा आहे, असं माझं मत आहे.

आपल्या किनाऱ्यावर वस्ती वाड्यावाड्यांनी असते. बौद्धांची घरं एका अंगाला, मुसलमानांची दुसऱ्या, ख्रिस्ती कुटुंबं विखुरलेली. ही घरं दोन-तीन प्रभागांत वाटली गेली की कुठेच निर्णायक ठरत नाहीत. अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आहेत. 17 जागांत ती एखादीच निघते आणि तीही फिरती. धार्मिक अल्पसंख्याकांना एकही नाही. इतर मागासवर्गाच्या जागाही किती डळमळीत आहेत ते अलीकडेच दिसलं. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या जागा खुल्या झाल्या आणि राज्यातल्या नगरपंचायतींत त्यांचं मतदान मागाहून, 18 जानेवारी 2022 ला झालं. प्रभागात मतदार काही शेच असल्यामुळे दहा-वीस घरांना मतदानापुरती किंमत येते, हे खरं. पण दफनभूमीकडे जाणारी पाणंद पावसात खचते ती काही निवडणूक बघून नव्हे. तेव्हा त्या घरांनी कुठे बोलायचं?

यावर म्हणतात, धर्माच्या आणि जातीच्या नावाने पुन्हा जागा मागून गावात भिंती कशाला उभ्या करायच्या? धर्माच्या आधारावर राखीव जागा ठेवायच्या नाहीत, हा निर्णय संविधान सभेने 1949 साली विचारपूर्वक घेतला आणि मला तो योग्य वाटतो. पण सभेचा हक्क म्हणजे राखीव जागा नव्हे. सभेत माणूस वाडीचा रहिवासी म्हणून बोलतो, समाजाचा वकील म्हणून नव्हे. दुसरं उत्तर असं मिळतं की कारभार चांगला असला म्हणजे झालं, सहभागाचं एवढं काय? कोकणातच याचा दाखला आहे. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले आणि महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळ्यासाठी तसा ठराव केला. दोन्ही ठराव चांगलेच होते. तरी तळ्यावर जायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला. ज्यांच्यासाठी तो होता त्यांना तो राखण्याची ताकद त्या सभागृहात नव्हती. हक्काचा निकाल लागला तो 1937 साली, उच्च न्यायालयात.

खरा आक्षेप तिसरा आहे आणि तो टाळता येणार नाही: ग्रामसभा तरी कुठे भरतात? 15 टक्के किंवा 100 मतदारांची गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्यामुळे पुढच्या वेळी चार टाळकी जमून विषय मंजूर होतात. जमलेल्यांतही मोठ्या घरांचाच आवाज चढा. सगळं मान्य. तरीही ग्रामसभेत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आग्रह धरता येतो. एकदा तो नोंदला गेला की पुढच्या सभेत वही उघडून विचारता येतं, पाणंदीचं काय झालं? नगरसेवकाला फोन करून काम होतही असेल, पण त्याची नोंद कुठल्याच वहीत राहत नाही; ती मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानी करणारा बदलला की तीही संपते. महाराष्ट्राच्या नागरी कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातही भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आली, ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. जामसंड्यासारख्या लहान गावात ती राबवणं सर्वांत सोपं. प्रभाग लहान, माणसं ओळखीची, बसायला शाळा नाहीतर समाजमंदिर. पहिली सभा बौद्धवाडीत किंवा मोहल्ल्यात भरावी, मुख्याधिकाऱ्यांनी तिथे चालत जावं, आणि इतिवृत्त तिथल्याच कुणीतरी लिहावं.