ओळखीचा गवंडी, परका स्लॅब

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला घराचं काम निघालं की गवंडी बहुधा पाहुण्यांमधूनच सुचवला जातो. कुणाच्या मेहुण्याचं घर त्यानं बांधलेलं असतं, कुणाच्या चुलत्याचा तो गाववाला असतो. या ओळखीवरून एक गोष्ट कळते : उचल घेऊन माणूस गायब होणार नाही. त्याला स्लॅब जमतो का, हे त्यावरून कळत नाही. ते बघायचं तर त्यानं दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या घरी जावं आणि गच्चीच्या खालून, छताकडे मान वर करून बघावं. नवं काम सगळ्यांचंच चांगलं दिसतं. आपला भाग पर्जन्यछायेतला, पाऊस कमी आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या आसपास. असा एखादा सप्टेंबर गेलेलं छतच खरं काय ते सांगतं. घरमालकाला आणखी एक विचारावं : काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा बोलावल्यावर तो आला का?

फोनवर ‘कर्जत प्लंबर’ असं शोधून पाहणाऱ्यांची वेगळीच गंमत होते. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतची नावं समोर येतात! यादीतल्या चांदण्या मोजण्याआधी तालुका आणि जिल्हा तपासलेला बरा.

‘त्याच्याकडं बांधकाम कामगाराचं कार्ड आहे, म्हणजे तो कसबी.’

हा समज अलीकडं फार पसरलाय. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी वय आणि काम पाहून होते. वय 18 ते 60 हवं आणि मागच्या वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. पेटी, भांड्यांचा संच, मुलांची शिष्यवृत्ती हे कामगाराच्या हक्काचं आहे आणि ते त्याला मिळालंच पाहिजे. पण त्या नोंदणीसाठी कुणी त्याला ओळंबा धरायला लावून परीक्षा घेत नाही. विजेच्या कामाचं तसं नाही. तिथं परवाना खरोखर कायद्यानं लागतो. बल्ब किंवा पंखा बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. नव्या जोडणीच्या अर्जासोबत महावितरण त्याचाच टेस्ट रिपोर्ट मागतं. म्हणून गवंड्याचं काम बघावं आणि वायरमनचा कागदही बघावा.

‘भिंतीला भेग गेली, म्हणजे मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं.’

खाल्लं असेलही. पण काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यातच थांबला, खालच्या मुरमापर्यंत गेला नाही, तर सिमेंट कितीही ओतलं तरी कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. अशा भेगेवर नुसता गिलावा मारून द्यायला जो लगेच तयार होतो, त्याच्यापासून सावध राहावं. कामाचा माणूस आधी विचारतो : पाया किती खोल आहे, न्हाणीघराचं पाणी कुठं मुरतं, भेग कोणत्या महिन्यात वाढते?

‘माल पातळ असला की स्लॅब चांगला बसतो.’

माल पातळ असला की ओतणाऱ्याचं काम सोपं होतं, स्लॅब मात्र कच्चा राहतो. आयएस 456 या भारतीय मानकात एम 20 दर्जाच्या साध्या मिश्रणाला 50 किलोच्या एका गोणीमागं जास्तीत जास्त 30 लिटर पाणी सांगितलंय. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि आत पोकळ्या राहतात. त्याच मानकाप्रमाणं कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट किमान 10 दिवस सतत ओलं ठेवावं लागतं. हल्ली दुकानात बहुतेक मिळतं ते पीपीसी सिमेंट असेल, तर 14 दिवसांपर्यंत. कर्जतच्या एप्रिल-मे महिन्यात हे कसं जमवायचं? टँकरचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरायचा, नाही तर स्लॅब पुढं ढकलायचा. ‘पाण्याचं काय करायचं?’ हा प्रश्न मालकाच्या आधी मिस्त्रीनं काढला, तर माणूस बरा म्हणायचा.

‘रोजानं लावलं की आपल्या हातात राहतं.’

हातात राहतं खरं, पण तक्रारीची वाट अवघड होते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये घरबांधणी ही ‘सेवा’ धरलीय. मात्र ‘वैयक्तिक सेवेचा करार’ त्यातून वगळलाय. तुम्ही हजेरी देऊन, तुमच्या सांगण्यावरून माणसं राबवली, तर तुम्ही मालक ठरण्याची शक्यता असते. काम गुत्त्यानं, ठरलेल्या रकमेला दिलं, तर तुम्ही ग्राहक. छोट्या डागडुजीला रोजंदारी ठीक आहे, पण स्लॅब, संडास-बाथरूम, वॉटरप्रूफिंग अशी कामं ठरवूनच द्यावीत.

जीएसटीचं बिल नसलं की काही करता येत नाही, असंही समजतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा नोंदणी लागत नाही. साध्या वहीच्या पानावर काम, माप, कुणाचा माल, दर आणि हप्ते लिहून दोघांनी सह्या केल्या तरी तो पुरावा होतो. दर ब्रासवर की चौरस फुटावर, हे स्पष्ट लिहावं; निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. उचल एकदम देऊ नये. पाया, जोतं, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर पैसे द्यावेत. शेवटचा हप्ता बाथरूममध्ये पाणी एक-दोन दिवस साठवून, खालची बाजू कोरडी आहे हे पाहून मगच द्यावा.

एवढं करूनही वाद झालाच, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलता येतं. तिथं मिटलं नाही, तर दोन वर्षांच्या आत अहिल्यानगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तिथं शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.