सूत्राआधीचे चित्र

पेण ते रोहा हा रेल्वेप्रवास मी नोकरीनिमित्त अनेक वर्षे करतो आहे. मध्ये कासू, नागोठणे ही स्थानके. रुळांच्या कडेला अधूनमधून एक लहानसा फलक दिसतो. पुढच्या मार्गाचा चढ किंवा उतार त्यावर आकड्यात लिहिलेला असतो. १५० हा आकडा असेल, तर १५० मीटर पुढे गेल्यावर रूळ १ मीटर चढतो किंवा उतरतो. एक फलक फक्त तिथल्यापुरते सांगतो. पण सगळे फलक क्रमाने वाचले आणि सुरुवातीची उंची माहीत असली, तर पूर्ण मार्गाचा आकार कागदावर काढता येतो.

अवकल समीकरण हेच करते. ते वक्र देत नाही. प्रत्येक बिंदूशी वक्राचा उतार किती, एवढेच सांगते. क्षणापुरत्या गतीचा विचार आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) ग्रहांची ‘तात्कालिक गती’ मांडली होती.

बारावीला मी गणितात नापास झालो आणि वाणिज्य शाखेकडे वळलो. तेव्हा समीकरण ओळखीच्या साच्यात बसले नाही की पान कोरे राही. चाळिशीनंतर जुनी पुस्तके घेऊन पुन्हा बसलो, तेव्हा समजले की बहुतेक अवकल समीकरणांना नेटके सूत्र मिळतच नाही. तरीही त्यांच्या उत्तरांविषयी पुष्कळ सांगता येते. त्याचे साधन म्हणजे उतारक्षेत्र.

‘उतार = क्ष − य’ हे समीकरण घेऊ. (०, ०) या बिंदूवर उतार ० येतो. तिथे लहानशी आडवी रेघ काढायची. (१, ०) वर उतार १, म्हणजे ४५ अंशांत चढणारी रेघ. (०, १) वर उणे १, म्हणजे तेवढीच उतरणारी. असे पानभर करत गेले की भाताच्या रोपांवरून वारा गेल्यासारखे चित्र उमटते. आता नीट पाहा. ‘य = क्ष − १’ या रेषेवर सर्वत्र उतार १ आहे आणि ती रेषा स्वतःही त्याच उताराने चढते. म्हणजे ती एक उत्तरच झाली. बाकीचे वक्र वरून-खालून येऊन, उजवीकडे जाताना तिलाच बिलगतात. सूत्र न सोडवता एवढे कळले.

हाताने शंभर रेघा काढणे कंटाळवाणे, म्हणून ग्राफिंग कॅल्क्युलेटर. भाच्याने मला जुना टीआय-८४ प्लस दिला. त्याच्या पडद्यावर ९६ × ६४ ठिपके असतात. उतारक्षेत्राची तयार सोय त्यात नाही. काही ओळींचा प्रोग्रॅम लिहावा लागतो. एकात एक अशी दोन आवर्तने: बाहेरचे क्ष बदलते, आतले य. प्रत्येक बिंदूवर उतार काढायचा आणि बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारखी अशी छोटी रेघ ओढायची. रेघांची लांबी सारखी राहावी म्हणून उताराच्या वर्गात १ मिळवून वर्गमूळ काढायचे आणि रेघेच्या निम्म्या लांबीला त्याने भागायचे. हे क्ष-दिशेचे अंतर. ते उताराने गुणले की य-दिशेचे. क्ष उणे ४.७ ते ४.७ आणि य उणे ३.१ ते ३.१ ठेवले, तर दोन्ही दिशांना एक ठिपका ०.१ चा होतो. प्रमाण असे सारखे नसेल, तर ४५ अंशांची रेघ ४५ अंशांची दिसत नाही.

पेणला आमच्या एका नातेवाइकांचा गणपतींचा कारखाना आहे. शाडूची मूर्ती वाळण्याचे साधे समीकरण मी मांडले: हवेच्या मानाने मूर्तीत ओल जितकी जास्त, तितक्या वेगाने ती घटते. इथे उतार फक्त ओलीवर अवलंबून, म्हणून प्रत्येक आडव्या ओळीतल्या रेघा सारख्या. (रेल्वेच्या फलकांत तो फक्त अंतरावर, म्हणून प्रत्येक उभ्या ओळीतल्या सारख्या.) सगळे वक्र एकाच पातळीकडे जाताना पाहून मी उत्साहाने सुचवले, “ऊब वाढवा, लवकर वाळेल.” एका मूर्तीवर प्रयोग झाला आणि तिच्या खांद्याला तडा गेला. बाहेरची माती आधी आकसली, आतली ओलीच होती. माझ्या समीकरणात मात्र सबंध मूर्तीला ओलीचा एकच आकडा होता. चित्र बरोबर होते. प्रश्नच अपुरा मांडला होता.

यंत्रही फसवते. ‘उतार = य²’ घ्या आणि (०, १) पासून निघा. ऑयलरच्या रीतीने अर्ध्या-अर्ध्याची पावले टाकली, तर य आधी १.५ आणि क्ष = १ पाशी २.६२५ होतो, वक्र निमूटपणे पुढे जातो. खरे उत्तर मात्र क्ष १ ला पोहोचण्याआधीच सगळ्या मर्यादा ओलांडते. त्याला ‘क्ष = १’ हे ठिकाणच नाही. उतारक्षेत्र याची आधीच चाहूल देते: य २ असताना उतार ४, ३ असताना ९, १० असताना १००. वर जावे तशा रेघा उभ्याच होत जातात. तिथे मोठे पाऊल टाकू नये.

म्हणून आता बटण दाबण्याआधी वहीत पेन्सिलीने रेघा काढतो. पेणला गाडीत बसलो, की रोहा येईपर्यंत वीस-पंचवीस सहज होतात.