एसी मधेच बंद का पडतो?



मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं! अशा दुपारी एसी वीस मिनिटं चालतो आणि बंद पडतो, अशी तक्रार उन्हाळाभर कानावर येते. आज त्याबद्दलच बोलू या.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. लकवा झाल्यापासून अंथरुणावरच. त्यांच्या खोलीतला एसी रात्री छान चालायचा आणि दुपारी नेमका बंद पडायचा. मेकॅनिक भाऊ आले, गॅस कमी आहे म्हणाले, भरून गेले. आठ दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा गॅस. दोन खेपांचे पाच हजार गेले आणि आजी तापलेल्या खोलीतच. ताईंनी काही विचारलं, तर "घरी भाऊसाहेब कधी असतात?" असा उलटा प्रश्न!

शेवटी आम्ही चौघीजणी भरदुपारी त्यांच्या गच्चीवर गेलो. बाहेरच्या युनिटला ऊन लागू नये म्हणून कोणीतरी हिरवी जाळी चारही बाजूंनी घट्ट गुंडाळली होती. आता बघा, खोलीतली उष्णता बाहेर फेकणं हेच त्या युनिटचं काम. जाळीमुळे गरम हवा तिथेच कोंडायची आणि तीच पुन्हा आत ओढली जायची. कॉम्प्रेसर तापायचा आणि जळू नये म्हणून त्याचं संरक्षक बटण त्याला बंद करायचं. अर्ध्या तासाने थोडा निवला की पुन्हा सुरू. रात्री बाहेरची हवा जरा उतरते, म्हणून तेव्हा निभायचं. जाळी काढली. मेन स्विच बंद करून मागच्या पत्र्यांमध्ये बसलेली धूळ साध्या पाण्याच्या धारेने धुतली. त्या दिवसापासून दुपारीही एसी थांबला नाही. सावली हवीच असेल तर वर दोन-तीन हात उंच छप्पर करा. बाजू मोकळ्या ठेवा.

म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं बघा: नेमकं काय बंद पडलं?

आतला पंखा चालू आहे पण गारवा गेला, तर कॉम्प्रेसर थांबला आहे. रिमोटवर लावलेल्या अंशांपर्यंत खोली गार झाली असेल, तर तो थांबणारच, तो बिघाड नाही. खोली गरम असतानाच थांबत असेल, तर बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतोय का, धूळ किती आहे, ते पाहा. आतल्या नळीवर बर्फ धरला असेल, तर आधी फिल्टर काढून बघा. तो पिठाच्या चाळणीसारखा बुजलेला असतो. बर्फ सुरीने खरवडू नका, नळीला भोक पडेल. नुसता पंखा चालू ठेवला की तो वितळतो. उन्हाळ्यात फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, सावलीत वाळवा.

स्टॅबिलायझरचा 'कट'चा दिवा लागला असेल, तर व्होल्टेज घसरलं आहे. दुपारी सगळ्या गल्लीतले कूलर आणि मोटारी एकदम चालू असतात ना! वीज पूर्ववत झाल्यावरही तो साधारण तीन मिनिटं थांबतो, ते मुद्दाम. नळ्यांमधला दाब सारखा झाल्याशिवाय कॉम्प्रेसर सुरू करायला जोर पडतो. तेवढ्यात बटण खालीवर करू नका. आणि हो, रिमोटवर टायमर तर लागला नाही ना, हेही बघा. नातवंडांचे हात असतात ते.

आता एमसीबी. ती पडत असेल, तर वायरमनला बोलवा, पण तो "मोठी एमसीबी टाकून देऊ" म्हणाला तर नुसती मान हलवू नका. एमसीबी भिंतीतल्या वायरीची राखण करते. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर एमसीबी पडणार नाही, वायर तापेल, आणि आग भिंतीच्या आत लागेल. दीड टनाचा एसी चालताना साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. जुन्या, बिगर-इन्व्हर्टर एसीला सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट लागतात. सुरू होतानाच पडते की अर्ध्या तासाने, हे वायरमनला सांगा. सुरुवातीलाच पडत असेल तर बिघाड बहुधा कपॅसिटर किंवा कॉम्प्रेसरमध्ये. उशिरा पडत असेल तर ढिला स्क्रू, तापलेला सॉकेट. प्लगची पिन काळी पडली असेल किंवा जळका वास येत असेल, तर एसी लावूच नका. एसीला स्वतंत्र वायर हवी. एक्स्टेंशन बोर्डावर तो कधीच नको. ईएलसीबी पडत असेल, तर वीज कुठेतरी झिरपते आहे. वायरमन येईपर्यंत एसीला हात लावू नका. बाहेरचं युनिट स्वतः उघडायचं नाही. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

राहिला गॅस. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो वापरून संपत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत असतो. कमी झाला असेल, तर गळला आहे. तेव्हा पैसे देण्याआधी विचारा: "भाऊ, गळती कुठे आहे?" नळीच्या सांध्यावर तेलकट डाग दिसला, तर तिथे संशय घ्या. आधी गळती बंद करायची, मग नळ्यांमधली हवा काढायची आणि मग गॅस वजनाने भरायचा. कोणता गॅस आणि किती, हे युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आर-३२ हा गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून ते काम चालू असताना जवळ उदबत्तीसुद्धा नको.

त्या ताईंनी आता कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली आहे: किती वाजता बंद पडला, कोणता दिवा लागला, किती वेळाने सुरू झाला. पुढच्या वेळी मेकॅनिक आला, तेव्हा त्याने ते कॅलेंडर वाचलं आणि भाऊसाहेबांची चौकशी केली नाही.

दुरुस्तीला दोन दिवस लागणार असतील, तर म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा. ओल्या पंचाने अंग पुसा. वयामुळे तहान कळत नाही, म्हणून आजींनी मागायची वाट न बघता थोडंथोडं पाणी द्या. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध वाटलं, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून पंख्याने वारा घाला. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका.